सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी आप्पा दिवसेंदिवस खचत चाललेत. हे नक्की काय आहे?

माणगंगाकाठ

नमस्कार मंडळी. वडिलांबद्दल विचारायचं आहे. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. वय ६४, एसटीत ड्रायव्हर होते. रिटायर झाल्यापासून तासगाव तालुक्यात गावी दीड एकर द्राक्षबाग बघतात. आई, धाकटा भाऊ आणि भावजय तिथेच असतात. मी चाकणला कंपनीत आहे, सुट्टीला जमेल तसा जातो.

दिवाळीनंतर सुरू झालं. आधी म्हणायचे डोकं जड वाटतंय. मग पोटात आग, छातीत धडधड, हातपाय गळाल्यासारखे. सांगलीत दाखवलं. ईसीजी, टूडी इको, सोनोग्राफी, दुर्बिणीने पोटाची तपासणी, डोक्याचा एमआरआय, सगळं झालं आणि सगळं नॉर्मल आलं. डॉक्टर म्हणाले, काही नाही, टेन्शन घेऊ नका. पित्ताची आणि झोपेची गोळी लिहून दिली.

पण माणूस निम्मा झालाय. ६८ किलोचे ५९ वर आले. रात्री दहाला आडवे होतात, तीन-साडेतीनला टक्क जागे, मग अंगणात येरझाऱ्या. सकाळी बघवत नाही, संध्याकाळी त्यातल्या त्यात दोन शब्द बोलतात. पेपर पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारा माणूस, आता पेपर नुसता हातात असतो. नातू मांडीवर चढला तर त्याला हळूच बाजूला करतात. विसरतातही. परवा बागेतली मोटार बंद केली की नाही ते आठवेना, तर बांधावरच बसले, "माझं डोकंच गेलं" म्हणत. यंदा अवकाळीत घड जिरले, डावणी या बुरशीच्या रोगामुळे फवारण्या वाढल्या, सोसायटीचं कर्ज आहे. पण फिटणार नाही असं काही नाही. त्यांना मात्र वाटतं सगळं बुडालं. गेल्या रविवारी मला आत बोलावून एलआयसीचे कागद, पासबुक, सातबारा कुठे ठेवलाय ते दाखवलं, म्हणाले, तुला माहीत असू दे.

आई म्हणते कुणीतरी करणी केली, एका ठिकाणाहून अंगारा आणलाय. भाऊ म्हणतो हा विसरायचा आजार, अल्झायमर. मला डिप्रेशनची शंका येते. पण ते रडत नाहीत, वाईट वाटतं असंही म्हणत नाहीत. खोदून विचारलं तर एवढंच, "रेस देतोय, पण गाडी ओढत नाही." कुणाकडे न्यावं?

सरळसोट

रिटायर झाल्यावर होतं असं. आमच्या काकांचंही झालं होतं, भजनी मंडळात बसवलं, आपोआप ठीक झाले. आजकाल जरा कुणी गप्प बसलं की डिप्रेशन. पूर्वी कुठे होतं हे? कामात गुंतवा, मनाने खंबीर व्हायला सांगा. सायकियाट्रिस्टच्या नादी लागलात तर गोळ्या जन्मभर सुटत नाहीत.

खडूफळा

मी शाळेत शिकवते. छातीत धडधड वाचलं म्हणून लिहितेय. मला पॅनिक अटॅक यायचे, पण ते असं नव्हतं. वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता अचानक श्वास कोंडायचा, घाम, हाताला मुंग्या, आता मी मरणार अशी खात्रीच. पाच-दहा मिनिटांत ते टोकाला जायचं आणि अर्ध्या तासात ओसरायचं. मधल्या वेळात मी चांगली असायचे, जेवायचे, हसायचे. फक्त पुन्हा येईल या धास्तीने बसमध्ये चढणं सोडलं होतं. तुमच्या आप्पांचं सतत चाललेलं दिसतंय. हृदयाची तपासणी आधी करून घेतलीत हे बरं केलंत. पुढचं जाणकारांनी सांगावं. सिस्टर माई आहेत का इथे?

सिस्टर_माई

आहे. सिव्हिलच्या मनोविकार वॉर्डातून इन्चार्ज सिस्टर म्हणून रिटायर झाले. डॉक्टर नाही, त्यामुळे निदान करणार नाही, ते पेशंटला समोर बसवूनच होतं. पण भाऊ, एवढं सगळं लिहिलंत आणि सगळ्यांत मोठी गोष्ट मध्येच एका वाक्यात टाकून पुढे गेलात. कागदपत्रं कुठे आहेत ते बोलावून दाखवलं. झोप उडालेला, वजन उतरलेला, सगळं बुडालं म्हणणारा माणूस हे करतो तेव्हा ती निरवानिरव असू शकते. नसेलही. पण ते विचारल्याशिवाय कळणार नाही, आणि विचारायचं आजच.

कसं विचारायचं तर सरळ. शेजारी बसा, बाकीच्यांना बाहेर काढा, घाई नको. "आप्पा, जगणं नको झालंय असं वाटतं का? जीव द्यावा असं मनात येतं का?" असेच शब्द वापरा. "तसलं काही वेडंवाकडं मनात नाही ना?" असं विचारू नका, त्याचं उत्तर कुणीही नाहीच देतं. विचारल्याने नसलेला विचार डोक्यात येईल ही भीती सगळ्या घरांना असते. तसं होत नाही. विचार असेल तर तो आधीपासूनच असतो, बोलायला जागा मिळाली की माणसाचा भार उतरतो.

दुसरं, द्राक्षबाग म्हणजे घरात नाहीतर बागेच्या खोलीत फवारणीची औषधं असणारच. भावाला आत्ता फोन करून ती दुसरीकडे हलवायला सांगा, कुलूप लावा, किल्ली भावजयीकडे. झोपेच्या गोळ्यांचं पाकीट आईकडे, रोजची गोळी हातात द्यायची. पहाटे ते उठतात तेव्हा कुणीतरी सोबत उठा. आणि उत्तर "हो" आलं तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी सिव्हिलच्या अपघात विभागात न्या, एकटं सोडू नका. रात्री-अपरात्री बोलायला कुणी हवं असेल तर १४४१६, टेली मानस. केंद्र सरकारची सेवा, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. आप्पांनीच फोन करायला हवा असं नाही, तुम्हीही करू शकता.

आता तुमचा प्रश्न. रडत नाहीत म्हणून डिप्रेशन नाही, हा हिशेब चुकीचा आहे. माझ्या वॉर्डात आलेल्या साठीपुढच्या कितीतरी पुरुषांनी "मी उदास आहे" हे वाक्य आयुष्यात उच्चारलं नव्हतं. ते सांगायचे पोटात आग, डोक्यात गच्च, अंगात कणकण, पाठीला रग. आधी फिजिशियन, मग पोटाचा डॉक्टर, मग हाडाचा, आणि फाईल जाडजूड झाली की आमच्याकडे. ही नाटकं नव्हेत. दुखणं खरं असतं, फक्त ते यंत्रात दिसत नाही.

डॉक्टर बघतात ते असं. मन उदास असणं, किंवा कशातच गोडी न उरणं, या दोहोंपैकी एक तरी हवं. आप्पांचा पेपर आणि नातू म्हणजे दुसरं झालं. त्याच्या जोडीला झोप, भूक-वजन, थकवा, हालचाल मंदावणं किंवा उगाच येरझाऱ्या, लक्ष न लागणं, स्वतःला दोष देणं, मरणाचे विचार. अशी एकूण पाच तरी लक्षणं, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ, निदान दोन आठवडे. भजनी मंडळाने बरी होते ती उदासी वेगळी. पहाटे तीनला जाग येऊन पुन्हा झोप न लागणं आणि सकाळी सर्वांत वाईट, संध्याकाळी थोडं सैल, हे तर तीव्र डिप्रेशनचं अगदी ओळखीचं वेळापत्रक. नाइट ड्यूटीला पहाटेच्या राउंडमध्ये मला हेच पेशंट कॉरिडॉरमध्ये भेटायचे.

"सगळं बुडालं" याकडेही लक्ष ठेवा. कधी कधी हे पक्क्या भ्रमापर्यंत जातं. एक आजोबा मला रोज सांगायचे, "सिस्टर, माझी आतडी वाळलीत, जेवण जाणार कुठं?" दुर्बिणीचा रिपोर्ट वाचून दाखवला तरी तेच. अशा माणसाशी हुज्जत घालू नये. पासबुकातले आकडे दाखवून आप्पांचं मन वळवायला जाऊ नका. डॉक्टरांना मात्र नक्की सांगा, कारण त्यावरून औषध बदलतं.

विसरण्याबद्दल. अल्झायमर हळूहळू, वर्षा-दोन वर्षांत सरकत येतो, आणि बहुतेकदा तक्रार घरचे करतात. पेशंट स्वतः म्हणतो मला काही झालं नाही, चुकीचं उत्तर ठोकून देतो. डिप्रेशनमध्ये दोन-तीन महिन्यांत सगळं होतं, माणूस स्वतःच म्हणतो माझं डोकं गेलं, आणि काही विचारलं की प्रयत्न न करता "माहीत नाही". तुमचं वर्णन दुसऱ्या बाजूला झुकतंय. पण म्हाताऱ्या वयात दोन्ही एकत्रही असू शकतं, म्हणून बरं वाटल्यावर स्मरणशक्ती पुन्हा तपासून घ्यायची.

न्यायचं सायकियाट्रिस्टकडे, म्हणजे मनोविकारात एमडी किंवा डीपीएम केलेल्या डॉक्टरकडे. समुपदेशनाचा उपयोग होतो, पण नऊ किलो वजन गेलेल्या माणसाला पहिली पायरी ती नव्हे. सगळ्या जुन्या गोळ्या पिशवीत घालून न्या. थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन, साखर, सोडियम तपासलंय का बघा, थायरॉइड मंदावलं तरी चित्र असंच दिसतं. आणखी दोन गोष्टी स्वतःहून सांगा. दारू किती, आणि तरुणपणी कधी उलटं झालं होतं का, म्हणजे झोप न घेता तरतरी, अखंड बडबड, उधळपट्टी, मोठमोठ्या योजना. तसं असेल तर तो दोन टोकांचा आजार, बायपोलर, त्यात नुसती डिप्रेशनची गोळी दिली तर माणूस त्या टोकाला उडू शकतो.

आप्पांना "फिरायला जाऊ" असं खोटं सांगून नेऊ नका. झोप आणि भूक परत आणणाऱ्या डॉक्टरकडे जाऊ म्हणा, ते खरंच आहे. आईचा अंगारा राहू दे, त्याने अपाय नाही. फक्त त्यापायी डॉक्टर लांबला नाही म्हणजे झालं.

सरळसोट, पूर्वी कुठे होतं म्हणता. वॉर्डात होतं, विहिरीच्या काठावर होतं, पंचनाम्यात "पोटदुखीस कंटाळून" असं लिहिलेलं होतं. निम्हान्स या बंगळूरच्या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत घरोघरी पाहणी केली, तेव्हा वीस माणसांमागे एकाला आयुष्यात कधीतरी डिप्रेशन होऊन गेलेलं किंवा चालू असलेलं आढळलं. आणि खंबीर व्हा हे ज्याला दात घासायला उठवत नाही त्याला सांगायचं नसतं.

सरळसोट

माई, काकांना वजन-बिजन काही नव्हतं, नुसते चिडचिडे झाले होते. हे प्रकरण वेगळं दिसतंय, मान्य. पण गोळ्यांचं बोला की.

माणगंगाकाठ

सगळ्यांचे आभार. माईंचं वाचून रात्रीच गाडी काढली. भावाने मी पोचायच्या आधी औषधं मामांच्या शेडमध्ये नेऊन कुलूप लावलं होतं. सकाळी आप्पांना विचारलं, माईंच्या शब्दांत. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पहाटे येतं मनात. तुझ्या आईचं काय होईल म्हणून परत घरात येतो." मला पुढे बोलता येईना. तसंच उठवून सिव्हिलला घेऊन गेलो.

डॉक्टरांनी तासभर बोलून घेतलं, आधी आप्पांशी एकट्याने, मग आमच्याशी. डिप्रेशनच म्हणाले, तीव्र आहे, ॲडमिट करा. आईला सोबत राहू देतात. थायरॉइड ठीक आहे, बी-१२ फार कमी निघालं, त्याची इंजेक्शनं चालू झाली. डिप्रेशनची एक गोळी रात्रीची. पण चार दिवस झाले, फरक नाही, उलट मळमळ वाढली. आईला नर्सिंगच्या मुलीने सांगितलं की लागलं तर शॉक देतात, तेव्हापासून ती घाबरली आहे, घरी चला म्हणते. चुलते फोन करून विचारतात, "वेड्याच्या वॉर्डात का ठेवलं?"

सिस्टर_माई

शाब्बास. चुलत्यांना म्हणावं झोपेच्या आणि भुकेच्या वॉर्डात ठेवलंय, भेटायला या, येताना गूळ-शेंगदाणे आणा.

चार दिवसांत गोळी लागू होत नाही. दोन ते चार आठवडे धरा, कधी सहा. मळमळ, अस्वस्थपणा सुरुवातीलाच असतो, बहुधा आठवडाभरात ओसरतो, तरी राउंडला सांगाच. सुधारणा येते ती उलट्या क्रमाने वाटेल. आधी झोप आणि खाणं, मग हालचाल, मनातला अंधार सगळ्यांत शेवटी. म्हणून हातापायात बळ आलं आणि मन अजून तिथेच आहे, हा मधला टप्पा जपायचा असतो. चेहरा जरा उजळला म्हणून घाईने घरी नेऊन कुलपं उघडू नका.

सरळसोट, तुम्ही गोळ्यांचं विचारलंत. सवय लागते ती बऱ्याचदा त्या पहिल्या झोपेच्या गोळीची, जी लोक मेडिकलमधून जुन्याच चिठ्ठीवर वर्षानुवर्षं आणतात. त्याने म्हातारी माणसं रात्री पडतात, खुबा मोडतो. ती बंद करायची तर डॉक्टरच हळूहळू कमी करतील. डिप्रेशनच्या गोळीची तशी चटक लागत नाही, पण एकदम तोडली तर चक्कर, चिडचिड होते. पहिल्या वेळचं आजारपण असेल तर पूर्ण बरं वाटल्यानंतरही निदान सहा महिने चालवतात, या वयात बहुधा त्याहून जास्त. बरं वाटलं म्हणून तिसऱ्या महिन्यात गोळी बंद आणि सहाव्यात परत वॉर्डात, अशी माणसं आम्हाला नावानिशी पाठ असायची.

शॉकचं आईला समोर बसवून सांगा. ती जे डोळ्यांसमोर आणते तसं आता करता येत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय शॉक देण्यास बंदी आहे. पेशंट झोपलेला असतो, काही मिनिटांचं काम. त्यानंतर काही काळ मधलंमधलं आठवत नाही, हेही सांगून टाका, लपवू नका. खाणं-पिणं सोडलेल्या किंवा जिवाला धोका असलेल्या माणसाला तो गोळीपेक्षा लवकर उठवतो. आप्पांना लागेलच असं नाही.

एक काम तुमच्याकडे. या वयात डिप्रेशनच्या गोळ्यांनी कधी कधी रक्तातलं सोडियम उतरतं. अचानक बरळणं, झोकांड्या, ग्लानी दिसली तर "औषध चढलंय" म्हणून सोडून देऊ नका. पहिल्या काही आठवड्यांत सोडियम परत तपासायचं का, ते डिस्चार्जआधी विचारून कार्डावर लिहून घ्या.

खडूफळा

आणि मेडिक्लेम असेल तर कंपनीला विचारा. त्याच कायद्यात मानसिक आजाराला इतर आजारांसारखंच विमा संरक्षण द्यायची तरतूद आहे. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत आई-वडील असतात का बघा.

माणगंगाकाठ

पॉलिसीत आहेत, पण सिव्हिलमध्ये खर्चच फार नाही. आईशी बोललो, थांबायला तयार झाली. सोडियमचं विचारलं, सोमवारी रक्त घेणार आहेत. मी पंधरा दिवसांची रजा टाकली आहे, बाग भाऊ बघतोय. फवारणीला औषध लागेल तेव्हा मामांकडूनच मोजून आणतोय.