घरी मधमाश्यांचं पोळं लागलं तेव्हा तुम्ही काय केलंत?

खिडकीवरच्या सज्ज्याला माश्या लटकल्या आहेत. काल नव्हत्या. घरात तीन पक्ष पडलेत: जाळा, फवारा, राहू द्या. सध्या फवारावाल्यांचा आवाज चढा आहे. काही ठरवायच्या आत ज्यांनी हे प्रत्यक्ष निस्तरलंय त्यांच्याकडून ऐकायचंय. पोळं कुठे होतं, माशी कोणती होती, काढलंत की ठेवलंत, परत आलं का? कुणाला चावल्या असतील तर तेही लिहा.

*

आधी नीट बघा, पोळं आहे की नुसता माश्यांचा घोस. वसाहत वाढली की जुनी राणी अर्ध्याअधिक माश्या घेऊन बाहेर पडते. हा थवा वाटेत कुठेतरी टेकतो आणि टेहळणीला गेलेल्या माश्या जागा पक्की करून आल्या की उठतो. कधी काही तासांत, कधी दोन-तीन दिवसांनी. पोट मधाने भरलेलं आणि राखायला अंडी-अळ्या नाहीत, म्हणून तो सहसा अंगावर येत नाही. आमच्या गॅलरीच्या कठड्यावर सकाळी बसला होता. मी दार ओढून घेतलं आणि कामाला गेले. संध्याकाळी कठडा मोकळा. मधल्या वेळात शेजारच्या काकांनी फवारणीवाल्याला बोलावलं होतं. तो आला, रिकामा कठडा बघितला आणि फेरीचे पैसे मात्र घेऊन गेला!

*

माझा अनुभव अगदीच गोड. कुंडीतल्या झुडपाच्या फांदीला तळहाताएवढं पोळं लागलं. फुलोरी माशी, चणीने बारीक. फांदीभोवती वरचा फुगीर भाग मधाचा, खाली लोंबतो त्यात अंडी-अळ्या. मुंग्या येऊ नयेत म्हणून त्या पोळ्याच्या दोन्ही बाजूंना फांदीवर डिंकासारखा चिकट पट्टा लावतात, हे मला तेव्हाच कळलं. कुंडीला पाणी लांबूनच घालायचे, फांदी हलवायची नाही, एवढंच पथ्य. एका ऋतूनंतर आपणहून उठल्या. त्यानंतरही काही दिवस माश्या येऊन जुन्या पोळ्याचं मेण खरवडून नेत होत्या. एवढा काटकसरी संसार मी दुसरा पाहिला नाही.

*

(मूळ प्रश्नकर्ती) थवा नाही, पोळंच आहे. एकच मोठा पडदा, उघड्यावर. माश्या बऱ्यापैकी मोठ्या. मधूनच सगळ्या मिळून शहारल्यासारख्या हलतात आणि पोळ्यावरून लाट जाते.

*

ताई, मग हे आग्या मोहोळ. वरच्या फुलोरीच्या गोष्टी विसरा. ती लाट म्हणजे गांधीलमाशीसारख्या शत्रूला दिलेला इशारा. सगळ्या माश्या क्रमाने पोट वर उचलतात, म्हणून तशी दिसते.

आमच्या इमारतीत गच्चीच्या टाकीखाली दरवर्षी लागायचं. आग्या माश्या ऋतूप्रमाणे मुक्काम हलवतात आणि पुष्कळदा जुन्याच जागी परततात. उंचावर असेपर्यंत आम्ही छेडलं नाही आणि कधी काही झालं नाही. त्रास असायचा तो रात्री. आग्या माशी चांदण्यातही उडते आणि दिव्याकडे ओढली जाते. ट्यूबलाइट लागली की पाच-दहा माश्या घरात, मग त्या जमिनीवर पडणार आणि अनवाणी पाय नेमका त्यांच्यावरच पडणार. अंधार पडायच्या आत खिडक्या बंद, जाड पडदे, गॅलरीचा दिवा बंद. याने त्रास जवळजवळ संपला.

मग एका वर्षी मोहोळ जिन्याच्या खिडकीबाहेर लागलं, हात लांब केला तर पोचेल इतकं जवळ. तेव्हा मात्र काढायचंच ठरलं. कारण आग्या खवळायला तुमचीच चूक लागते असं नाही. मधुबाज पोळ्यावर झडप घालतो आणि निघून जातो, राग निघतो खालून जाणाऱ्यावर. वरच्या मजल्यावर ड्रिल चालू झालं, कुणी खाली पाला पेटवला, पोरांनी चेंडू मारला, काहीही पुरतं. आणि ही माशी एकटी येत नाही, शेकडोंनी येते आणि लांबवर पाठलाग करते.

काढणारे अंधार पडल्यावर आले, अंगभर पोशाख, जाळीची टोपी, लाल दिवा. माशीला लाल रंग दिसत नाही. धूर बेताचा दिला. धुरामुळे माश्यांचा धोक्याचा वास दबतो आणि त्या मध पिऊन घेण्याच्या नादी लागतात. टेंभा लावून जाळणं वेगळं. त्यात माश्या मरतात, उरलेल्या बिथरतात, वर इमारतीला आग लागायची भीती. त्या रात्री आम्ही सगळ्या घरांना दिवे घालवून आत बसायला सांगितलं होतं. एका घराने ऐकलं नाही. त्यांच्याकडे काय झालं ते लिहीत नाही, ते इथे वाचत असतील.

पोळं कापल्यावर दुसऱ्या दिवशी उरलेल्या माश्या त्याच डागावर येऊन बसल्या. त्या गेल्यावर मेण पूर्ण खरवडलं, जागा धुतली, रंग मारला आणि जाळी ठोकली. मेणाचा वास राहिला तर पुढच्या थव्याला ती जागा आवडणारच.

*

"राहू द्या" म्हणणाऱ्यांसाठी. माझ्या भावाला एकच माशी चावली, मानेवर. थोड्याच वेळात अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, आवाज घोगरा झाला आणि त्याला घेरी आली. दवाखान्यात ॲड्रेनालिनचं इंजेक्शन दिल्यावर सावरला. ज्या घरात अशी ॲलर्जी असलेला माणूस आहे तिथे पोळं काढण्यावर वाद घालू नका. निसर्गप्रेम मलाही आहे.

चावल्यावर काटा लगेच काढायचा, नखाने किंवा कार्डाने खरवडून, जसा निघेल तसा. मधमाशीचा काटा विषाच्या पिशवीसकट अंगात राहतो आणि पिशवी नंतरही विष ढकलत राहते, म्हणून चिमटा शोधत बसू नका. आणि माशी अंगावर चिरडू नका. काट्यातून जो वास सुटतो (पिकलेल्या केळ्यासारखा असतो, खरंच) तो बाकीच्यांना बोलावणं असतो. हात न झाडता तोंड झाकून पळायचं, बंद खोलीत किंवा गाडीत शिरायचं. पाण्यात उडी मारू नये, माश्या वर घिरट्या घालत थांबतात. खूप डंख झाले असतील तर ॲलर्जी नसली तरी दवाखाना गाठा. एवढ्या विषाने मूत्रपिंडावरही परिणाम होऊ शकतो आणि तो त्याच दिवशी दिसेल असं नाही.

*

फवारावाल्यांना माझ्या भिंतीचा फोटो दाखवायला हवा. आधीच्या भाडेकरूंनी भिंतीच्या पोकळीतल्या पोळ्यावर औषध मारून भोक बुजवलं आणि घर सोडलं. आत माश्या मेल्या, मध तसाच राहिला. पोळ्यात हवा खेळती ठेवणारं कुणी उरलं नाही, त्यामुळे उन्हाळ्यात मेण मऊ पडलं, मध पाझरून भिंतीवर तपकिरी ओघळ आले. मुंग्या, मेणकिडा, कुजका वास. शेवटी प्लास्टर फोडून सगळं काढावं लागलं. शिवाय असा विषारी मध दुसऱ्या वसाहतींच्या माश्या लुटून नेतात, म्हणजे त्याही मरणार.

*

आमच्याकडे खिडकीच्या चौकटीतून मेणाची बारीक नळी बाहेर आली होती, तिच्यातून चिलटांएवढ्या माश्या ये-जा करत. पोयाची माशी, तिला डंखच नसतो. अजून आहेत.

*

जुन्या लाकडी खोक्यात सातेरी असतील तर मधपेट्या ठेवणाऱ्यांना विचारा, खुशीने नेतात. उघड्यावर राहणाऱ्या आग्याला पेटी चालत नाही, अंधाऱ्या पोकळीत राहणाऱ्या सातेरीला चालते. आमच्याकडे आलेल्या बाईंनी एकेक पोळं कापून, अळ्यांचा भाग दोऱ्याने चौकटींना बांधला. पोळी सरळच बांधायची, उलटी नाही, असं बजावत होत्या. राणी सापडेपर्यंत त्यांचा जीव टांगणीला, कारण ती पेटीत गेली की बाकीच्या आपोआप मागे जातात. पेटीचं तोंड अंधार होईपर्यंत उघडं ठेवलं, म्हणजे बाहेर गेलेल्या कामकरीही परत येतात. मग बंद करून रात्रीच लांब नेली. जवळपास ठेवली तर कामकरी सवयीने जुन्या जागीच येतात. तुमच्या सज्ज्यावरच्या पोळ्यासाठी मात्र आग्या काढायची सवय असलेलाच माणूस बघा, पेटीवाले त्याला हात लावत नाहीत.