विषय: मावशींची वही आणि नवरात्रातील प्लेटलेटदाते

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार,

आमच्या शेजारच्या मावशी, ज्यांनी येथे वडोदऱ्यात अनेक वर्षे मुलांना गणित शिकविले, गेल्या श्रावणात ॲक्यूट ल्युकेमियाने, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाने, गेल्या. त्यांच्यापासून प्रेरणा घेऊन काही करावे, असे येथील अनेकांनी बोलून दाखविले आहे. मावशींना मात्र ‘प्रेरणा’ हा शब्द मुळीच रुचत नसे. भेटावयास आलेल्या कोणी ‘तुमची जिद्द पाहून आम्हांला बळ येते’ असे म्हटले, की त्या लगेच म्हणत, “बळ आले ना? मग रक्तगट सांगा, आणि वजनही सांगा.” यंत्राद्वारे प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या पेशी, देणाऱ्याचे वजन निदान पन्नास किलो असावे लागते, हे त्यांना पाठ होते.

केमोथेरपीनंतर अस्थिमज्जेचे, म्हणजे हाडांतील रक्तपेशी तयार करणाऱ्या गराचे, काम काही काळ बंद पडते. निरोगी माणसात दीड ते साडेचार लाख असणारा प्लेटलेटचा काउंट दहा हजारांच्या खाली उतरला, की इजा न होताही रक्तस्राव होऊ शकतो. लाल पेशी शीतपेटीत पस्तीस-बेचाळीस दिवस टिकतात. प्लेटलेट मात्र २० ते २४ अंश सेल्सियसला सतत हलत्या ठेवल्या, तरी साधारण पाचच दिवस टिकतात. त्यामुळे त्यांचा मोठा साठा करून ठेवता येत नाही, आणि दाता त्या-त्या दिवशीच शोधावा लागतो. मावशींसाठी जुने विद्यार्थी धावून येत. शेजारच्या खाटेवरील मुलाचे वडील छोटा उदेपूरकडचे शेतमजूर होते आणि शहरात त्यांचे कोणीही नव्हते. ‘नातेवाईक आणा’ असे त्यांना सांगण्यात आले, तेव्हा मावशींनी सलाईन चालू असतानाच आपली वही मागवून घेतली आणि फोन करावयास सुरुवात केली.

ती वही आता माझ्याकडे आहे. नावे गुजराती लिपीत, कारण बरेचसे दाते गुजराती. शेरे मात्र मराठीत. ‘याला संकष्टीस बोलावू नये, उपाशी येतो.’ ‘ही परीक्षेनंतर.’ माझ्या नावापुढे ‘गोळीमुळे परत, सोमवारी पुन्हा’ असे लिहिलेले आहे. डोके दुखते म्हणून मी आदल्या दिवशी ॲस्पिरिन घेतली होती, आणि ती घेतल्यावर तीन दिवस प्लेटलेट देता येत नाहीत. खरे सांगावयाचे तर मला सुईचे भय होते, आणि परत पाठविल्याचा मला आनंदच झाला होता. मावशींनी तो ओळखला असावा, कारण सोमवारी सकाळी सातलाच त्यांचा फोन आला. सव्वा तास यंत्राजवळ बसावे लागले. यंत्र प्लेटलेट काढून घेते आणि उरलेले रक्त शरीरात परत सोडते. यंत्रात रक्त गोठू नये म्हणून घातलेल्या सायट्रेटमुळे ओठांना थोड्या मुंग्या आल्या, याहून अधिक काही झाले नाही.

आता नवरात्र जवळ आले आहे. गरब्याच्या नऊ रात्री दाते जागरणाने थकलेले असतात, कित्येकांचे उपवास असतात, आणि वहीतील निम्मी नावे त्या दिवसांत उपयोगी पडत नाहीत. म्हणून नवी नावे हवी आहेत.

दांडिया बाजार, वडोदरा

—

सप्रेम नमस्कार,

आपले पत्र वाचून मी येथील रक्तपेढीत चौकशी केली. न्यू जर्सीत प्लेटलेट सात दिवसांच्या अंतराने, वर्षातून चोवीस वेळा देता येतात. मात्र भारतातून परतल्यावर मलेरियाच्या शक्यतेमुळे तीन महिने थांबावे लागते. मी प्रतिवर्षी डिसेंबरात तीन आठवडे वडोदऱ्यात, रावपुऱ्यात आईकडे येतो, म्हणजे येथील माझे जवळजवळ चार महिने वाया जातात. एवीतेवी ते जाणारच असतील, तर त्या तीन आठवड्यांत तेथेच प्लेटलेट देता येतील काय? की पैसे पाठविणे अधिक उपयुक्त ठरेल? पैसे पाठविणे मला सोपे आहे, म्हणूनच विचारतो.

न्यू जर्सी

—

सप्रेम नमस्कार,

पैशांचा उपयोग निश्चितच आहे. एका दात्याकडून प्लेटलेट घेताना वापरावयाचा नळ्यांचा संच एकदाच वापरता येतो, आणि त्याचा काही हजार रुपयांचा खर्च शेतमजुराच्या कुटुंबास पेलत नाही. तरीही आपण विचारलेच आहे, तर मी वहीकडे पाहून उत्तर देतो: डिसेंबरात लग्नसराई असते, शाळांच्या सहली असतात, आणि त्या महिन्याच्या पानावर फक्त चार नावे आहेत. येथे दोन वेळांमध्ये किमान अठ्ठेचाळीस तासांचे अंतर ठेवतात, त्यामुळे आपली प्रकृती आणि काउंट ठीक असल्यास तीन आठवड्यांत एकाहून अधिक वेळाही जमेल. पोहोचल्यावर पहिले दोन दिवस झोप पूर्ण करावी, आणि आईंनी आग्रह केला तरी त्या आठवड्यात उपवास धरू नये.

रक्तगट आणि वजन तेवढे कळवावे.

दांडिया बाजार, वडोदरा