मदत हवी आहे : बंगाल जातीचा बोका आणि घरातील साठवणीचे पाणी

नमस्कार. आम्ही लातूरला तिसऱ्या मजल्यावरील सदनिकेत राहतो. आमच्याकडे अकरा महिन्यांचा बंगाल जातीचा बोका आहे, नाव चित्या. पुण्याच्या एका विक्रेत्याकडून आणताना 'शांत आहे, फ्लॅटमध्ये सहज राहतो' असे सांगण्यात आले होते. ते अर्धेच खरे निघाले. तो फ्लॅटमध्ये राहतो, पण पहाटे चारनंतर घरात शांत असे कोणीच राहत नाही.

लोखंडी कपाटावरून फ्रीजवर आणि तेथून पडद्याच्या दांडीवर उडी मारणे, लटकून दाराची मूठ खाली ओढणे, दार बंद ठेवल्यास तान्ह्या मुलासारखा आवाज काढून शेजाऱ्यांना उठवणे, हे आम्ही एव्हाना पत्करले आहे. खरी अडचण पाण्याची आहे. आमच्या भागात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येते, त्यामुळे न्हाणीघरात दोन निळी बॅरल कायम भरलेली असतात. चित्या एका बॅरलवर बसतो, दुसऱ्याचे झाकण पंजाने तसूतसूने सरकवतो, कोपरापर्यंत हात बुडवून पाणी ढवळतो आणि मग कोठून तरी बाटलीचे बूच तोंडात धरून आणून त्यात टाकतो. बूच तरंगू लागले की अर्धी बादली पाणी फरशीवर आलेच म्हणून समजा. कूलरच्या टाकीचीही तीच गत आहे.

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. त्या काळात आमच्या आईने टँकरसमोर घागरी घेऊन तासन् तास काढले आहेत. सांडलेले पाणी तिला आजही बघवत नाही, आणि तिचे चुकते असे मला वाटत नाही. याला गावी भावाच्या शेतावर सोडून ये, उंदीर तरी धरील, असे ती म्हणते.

वाचनात आले की ही जात आशियातील लेपर्ड कॅट, म्हणजे आपल्याकडे जिला वाघाटी म्हणतात त्या रानमांजरीच्या संकरातून झाली. अमेरिकेतील जीन मिल यांनी १९६३ मध्ये असा संकर केला आणि पुढे १९८० च्या दशकात पद्धतशीर पैदास सुरू केली. पाण्याची ही ओढ जातीचीच आहे, की काही आजार आहे? दुसरे मांजर आणल्यास तो निवळेल का? महिन्याभरापासून तो दिवाणाच्या कडेला लघवीचे फवारेही मारत आहे. नसबंदी अद्याप केलेली नाही. आमचे घर शाकाहारी असल्याने त्याला मांजरांचे तयार खाद्य देतो, आई मात्र गुपचूप दूध-भाकरी घालते.

प्रतिसाद, परभणीहून

आपला बोका बिघडलेला नाही, रिकामा आहे. मी सहा वर्षांपासून या जातीच्या दोन मांजरी सांभाळत आहे. वाघाटी उत्तम पोहते आणि बंगाल मांजरांची पाण्याशी खेळण्याची हौस प्रसिद्धच आहे. तरीही तो पाण्याशी खेळतो की खरोखर जास्त पितो, हे चार दिवस नीट पाहावे. पिण्याचे प्रमाण वाढलेले असल्यास मूत्रपिंड व मधुमेहाची तपासणी करून घ्यावी.

नसबंदी सर्वांत आधी उरकावी. फवारे बहुधा वयात आल्याचेच असतील. मात्र तो मातीच्या ट्रेमध्ये वारंवार बसून कुंथत असेल आणि लघवी होत नसेल, तर बोक्यांमध्ये मूत्रमार्ग तुंबतो आणि एक-दोन दिवसांत जिवावर बेतते. अशा वेळी सकाळची वाट पाहू नये. उदगीरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्याच जिल्ह्यात आहे, तेथे चौकशी करावी.

शिकार, खाणे आणि झोप हा मांजराचा क्रम असतो. रात्री दहाच्या सुमारास काठीला दोरी आणि पिसे बांधून पंधरा-वीस मिनिटे त्याला दमेपर्यंत पळवावे, शेवटी ते सावज त्याच्या हाती लागू द्यावे आणि लगेच जेवण द्यावे. पहाटेचा धिंगाणा हळूहळू कमी होतो. सकाळी ऊन चढण्यापूर्वी असाच दुसरा खेळ घ्यावा. चढण्यासाठी भिंतीवर फळ्या ठोकाव्यात आणि खिडक्यांना लोखंडी जाळी बसवावी, कारण पारव्यामागे तिसऱ्या मजल्यावरून उडी घेताना तो विचार करणार नाही.

बॅरलच्या झाकणावर जड वस्तू ठेवावी, पण तेवढ्याने भागणार नाही. त्याला त्याचे स्वतःचे पाणी द्यावे. पसरट परातीत दोन पेले पाणी आणि एक प्लास्टिकचा चेंडू पुरतो, उरलेले पाणी झाडांना घालता येते.

दूध-भाकरीवर मांजर जगत नाही. टॉरिन हे मांसातून मिळणारे द्रव्य त्याच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही आणि ते कमी पडल्यास दृष्टी व हृदय दोन्ही जातात. बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचतही नाही, हे मातोश्रींना समजावून सांगावे. दुसऱ्या मांजराचा विचार नसबंदीनंतर सहा महिन्यांनी करावा. शेतावर मात्र कृपया सोडू नये. उंदरांचे विष, साप आणि कुत्री तर आहेतच, शिवाय अंगावरचे ठिपके पाहून बिबट्याचे पिल्लू आले म्हणून गाव काठ्या घेऊन बाहेर पडेल.

धागाकर्त्याचे उत्तर

मनःपूर्वक आभार. पाणी तो पीत नाही, उडवतोच, हे तीन दिवस मोजून पाहिले. लघवी मोकळी होते. दोन्ही झाकणांवर जुन्या जात्याच्या तळ्या ठेवल्या आहेत. पहिल्या दिवशी त्याने तासभर आरडाओरडा केला. काल पाहिले, तर डाळ-तांदूळ धुतलेले पाणी आई स्वतःच त्याच्या परातीत ओतत होती. 'हे तसेही झाडालाच जायचे होते' एवढेच म्हणाली. नसबंदी पुढील आठवड्यात ठरली आहे. त्यानंतर फवारे साधारण किती दिवसांत थांबतात, आणि तोवर दिवाणाचा वास कशाने घालवावा, हे कोणी सांगू शकेल का?