बेळगावातल्या शहापूरचं घर विकायचं ठरवलंय. चुकतंय का माझं?

पुण्यातला_शहापूरकर
२००३ साली डिप्लोमा करून पुण्याला आलो. मधे लग्नकार्याला, गणपतीला दोन-तीन दिवस जाऊन येत होतो, खरं सलग महिनाभर राहिलो ते यंदाच. आई गेली, घर नावावर करायचं होतं. हे काम एका चकरेत होत नसतं हे माहीत होतं, म्हणून लॅपटॉप घेऊनच गेलो.

माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत अकरा घरांत माग होते. सकाळी सहाला पहिला सुरू व्हायचा, साडेसहापर्यंत गल्ली खडखडायला लागायची. आई दुपारची भांडी आवरून मागाच्या सुताच्या कांड्या भरायला बसायची. शाळेतून आलो की मीही बसायचो, बोटाला सुताचा काप पडायचा. आता एक माग चालू आहे, तोही दिवसाआड. बाकीच्या जागी तीन मजली इमारती, खाली गाड्या, वर भाडेकरू. पहिले चार दिवस आवाज नाही म्हणून मला झोप लागली नाही.

त्यात ती कचेरी. फॉर्म कानडीत. मला कानडी बोलता येतं, वाचता येत नाही. बाहेर टेबल टाकून बसलेल्या माणसानं दीडशे रुपये घेऊन भरून दिला. पंधरा दिवसांनी आतल्या क्लार्कनं वाचून दाखवला तेव्हा कळलं, वडिलांच्या जागी आजोबांचं नाव घातलंय. खाली सही माझी. ज्या गावात बाराखडी गिरवली तिथंच मी न वाचता सही करून आलो.

निवृत्तीनंतर परत जायचं, पुढच्या खोलीत खुर्ची टाकून बसायचं, असं वीस वर्षं डोक्यात होतं. आता वाटतंय विकून मोकळं व्हावं. ते गाव संपलंय. तुम्हाला काय वाटतं?

गल्लीतच_राहिलेला
ओ, ते माग आवाजासाठी चालत नव्हते.

आमचे चार होते. सुताचा भाव वाढला, साडीला गिऱ्हाईक नाही, व्यापारी सहा-सहा महिने पैसे देत नव्हता. शेवटी वडिलांनी ते भंगारात किलोवर घातले. उचलायला टेम्पो आला त्या दिवशी ते घरात थांबले नाहीत, कपिलेश्वराला जाऊन बसले. मी उद्यमबागेत फौंड्रीत लागलो. तुम्ही म्हणता तसली तीन मजली इमारत मीच बांधलीय. वर गोकाकचं एक कुटुंब आहे, मधे खानापूरकडच्या चार नर्सिंगच्या पोरी. त्यांच्या भाड्यावर माझ्या मुलीची फी जाते.

तुम्ही गेला, चांगलं केलं. खरं तुम्हाला झोप यावी म्हणून आम्ही माग चालवत बसायचे काय?

काळा_दिवस_५६
घर विकू नका. माझं कारण मात्र वेगळं आहे. तुम्हाला सही करताना जे वाटलं ना, ते इथं आम्हाला रोज वाटतं. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात घातलं, तेव्हापासून हेच चाललंय. २०१४ ला १ नोव्हेंबरलाच, मुद्दाम तोच दिवस धरून, बेळगावचं बेळगावी केलं. २०२४ च्या कायद्यानं पाट्यांवर ६० टक्के कानडी आलं. महाराष्ट्राचा बेळगाववरचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडलाय. अशात एकेक माणूस 'माझं गाव संपलं' म्हणून घर विकून गेला तर मतदार यादीतलं नाव जातं आणि गल्ली दुसऱ्याची होते. तुमच्या उदासपणाची किंमत आम्ही मोजायची.

फळा_आणि_खडू
वरच्या साहेबांना विचारतो, तुमची मुलं कुठल्या माध्यमात शिकली?

मी बेळगाव तालुक्यात मराठी शाळेत २६ वर्षं शिकवतोय. लागलो तेव्हा पहिलीच्या दोन तुकड्या होत्या, आता पहिली-दुसरी मिळून एका वर्गात बसतात. सरकारचा दोष आहे, नाही म्हणत नाही. खरं १ नोव्हेंबरच्या काळ्या दिवसाला माझ्याबरोबर काळी फीत लावून फेरीत चालणाऱ्यांतल्या निम्म्यांच्या दारात सकाळी इंग्रजी शाळेची पिवळी बस थांबते.

आणि शहापूरकर, कन्नड लिपी एका महिन्यात येते हो. तुम्ही महिनाभर तिथंच होता.

काळा_दिवस_५६
मास्तर, एक मुलगा मराठीत शिकला, एक इंग्रजीत. लपवत नाही. दुसऱ्याच्या वेळी बायकोपुढं माझं चाललं नाही. तरी एक सांगतो, लिपी शिकणं वेगळं आणि ती शिकल्याशिवाय स्वतःच्या घराचा कागद न मिळणं वेगळं. इतके मराठी लोक राहतात तिथं कागद मराठीतही द्या, एवढंच मागणं आहे.

येळ्ळूरची_लेक
सगळे पुरुष पाट्या आणि मागावरच बसलायसा. मी शिवाराचं बोलतो. (होय, मी बाई आहे. आमच्याकडं बायका 'मी आलो, मी गेलो'च म्हणतात. पुण्याच्या नणंदेची पोरं हसतात, हसू दे.)

मी येळ्ळूरची, वडगावला दिली. लग्न झालं तेव्हा वडगावातून बाहेर पडलं की राजहंसगडापर्यंत नुसतं भातच दिसायचं. आमच्या चार गुंठ्यांत बासमती असायचं. एका घरात शिजलं की चार घरांना वासावरून कळायचं, आज कोण पाहुणा आलाय ते. आता कडेनं प्लॉट पडलेत, मधनं हलगा-मच्छे बायपास. पिकाच्या जमिनीतनं रस्ता नको म्हणून बायका पोरं घेऊन बांधावर बसल्या, मीही बसलो. माग गेला तर पोरगा फौंड्रीत जाईल. गेलेली जमीन परत येत नाही.

तिसरं_गेट
एक शंका. आमच्या टिळकवाडीच्या तिसऱ्या रेल्वे गेटावर उड्डाणपूल झाला, तरी रिक्षावाल्याला आम्ही 'तिसरं गेट'च सांगतो आणि तो बरोबर सोडतो. तेव्हा गाव संपलं म्हणायचं की नाही? (आपली मिठाई, कुंदा, आणला की नाही ते पण सांगा.)

पुण्यातला_शहापूरकर
कुंदा आणला, वाकडपर्यंत पोचला नाही.

गल्लीतच_राहिलेला, तुमचं लागलं. बरोबर आहे म्हणूनच लागलं. पुण्यात माझ्या सोसायटीच्या जागी पूर्वी ऊस होता असं तिथले जुने लोक सांगतात, ते मी कधी मनावर घेतलं नाही. मास्तर, लिपीचं ऐकलं. खरं लिपी आली तरी पुढच्या खोलीत बसून बोलायला कोण आहे? बरोबरीचे सगळे गोव्यात, पुण्यात, बेंगळुरात. पत्र्याच्या छपराखाली कांड्या भरत रेडिओ ऐकणारी आई नाही, शेजारी फणसाखाली तंबाखू मळणारे अप्पा नाहीत. माझी तक्रार गावावर नसेलही. घराचं मात्र ठरवावंच लागणार, कुलूप लावून ठेवलं तर भिंत पडेल.

गल्लीतच_राहिलेला
थांबा. फणस, पत्र्याचं छप्पर, रेडिओ?

अप्पा म्हणजे माझे वडील ओ. फणस मीच तोडला, मुळं पायात आली म्हणून. तुमच्या आईनं शेवटची दोन वर्षं आमच्या हिच्याकडनं भाकरी घेतली, हे तुम्हाला कुणी सांगितलं की नाही कुणास ठाऊक. तुम्ही महिनाभर पलीकडं होता आणि मी फर्स्ट शिफ्टला. दोनदा दिसला, कानाला फोन होता, हाक मारली नाही.

विकणार असाल तर आधी मला सांगा. भिंत सामाईक आहे. आणि तुमच्या न्हाणीचं पाणी आमच्याकडं उतरतंय, ते पहिल्यांदा बघायला पाहिजे. पुढच्या वेळी आलात की वर या, चहा घेऊन बोलू. दर मात्र पुण्याचा लावू नका.