मखराची एलईडी पट्टी: वीजपुरवठ्याचा विचार आधी व्हावा

सचिव: सर्व सभासदांना नमस्कार. यंदा क्लबहाऊसमधील गणपतीच्या मखराला रंग बदलणारी पाच मीटरची एलईडी पट्टी लावायचे समितीने ठरवले आहे. बी ३०४ मधील सभासद त्यांच्याकडील रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक वापरण्यास देत आहेत. पट्टी थेट त्यालाच जोडता येईल का, हे कृपया कळवावे.

बी ३०४: सचिव साहेब, थेट जोडू नये, ही आग्रहाची विनंती. निवडलेल्या डब्ल्यूएस२८१२बी पट्टीत दर मीटरला ६०, म्हणजे एकूण ३०० दिवे आहेत. पूर्ण पांढऱ्या प्रकाशात प्रत्येक दिवा सुमारे ६० मिलिअँपिअर प्रवाह घेतो असे धरले, तर ५ व्होल्टवर १८ अँपिअर, म्हणजेच ९० वॅट लागतात. कोणत्या दिव्याने कोणता रंग दाखवायचा हे सांगणे एवढेच रास्पबेरी पायचे काम. इतकी वीज पुरवणे त्याच्या आवाक्यातले नाही. त्यासाठी ५ व्होल्ट, २० अँपिअरचा स्वतंत्र एसएमपीएस (२३० व्होल्टची वीज ५ व्होल्टवर आणणारे उपकरण) घ्यावा आणि त्याचे ग्राउंड (वजा टोक) पायच्या ग्राउंडशी जोडावे, अन्यथा दिवे कसेही लुकलुकतात. शिवाय पायचा संदेश ३.३ व्होल्टचा असतो आणि ५ व्होल्टवर चालणाऱ्या या पट्टीला किमान ३.५ व्होल्ट अपेक्षित असतात, म्हणून मध्ये संदेशाचे व्होल्टेज वाढवणारी ७४एएचसीटी१२५ ही छोटी आयसी (चिप) बसवावी.

ए १०२: गेल्या वर्षी प्रवेशद्वारावरची पट्टी एका टोकाला शुभ्र आणि दुसऱ्या टोकाला तांबूस दिसत होती. पट्टीच खराब आहे, असे तेव्हा सांगण्यात आले. यंदा पुन्हा तसे व्हायला नको.

बी ३०४: काका, तुम्ही सांगता त्यावरून दोष बहुधा पट्टीचा नसावा. पट्टीतील तांब्याचा थर पातळ असल्यामुळे लांब टोकापर्यंत पोहोचताना व्होल्टेज उतरते, आणि निळ्या व हिरव्या रंगाला लाल रंगापेक्षा अधिक व्होल्टेज लागत असल्याने ते आधी मंदावतात. जाड वायरने दोन्ही टोकांना वीज दिली की हा फरक बराच कमी होतो.

सी ५०१: मला एक वेगळी अडचण दिसते. आरत्या त्याच पायच्या हेडफोन जॅकमधून वाजवण्याचे ठरले आहे. पट्टी नेहमीच्या १८ क्रमांकाच्या जीपीआयओवर (पायच्या संदेश पाठवणाऱ्या पिनवर) जोडली, तर आवाज आणि दिवे दोन्ही पायच्या आतल्या एकाच यंत्रणेवर अवलंबून राहतात, आणि ही दोन्ही कामे एकत्र धड होत नाहीत. त्यापेक्षा दिव्यांसाठी स्वस्तातला ईएसपी३२ हा छोटा कंट्रोलर घेऊन त्यावर डब्ल्यूएलईडी हे मोफत सॉफ्टवेअर टाकावे. त्यात एकूण प्रवाहाची मर्यादा घालता येते व दिवे बंद होण्याची वेळही ठरवता येते.

बी ३०४: ताई, हे पटले. पाय आरत्यांसाठीच ठेवू. आयसी आणि स्वतंत्र एसएमपीएस मात्र ईएसपी३२ लाही हवेतच. एसएमपीएस कापडी पडद्यांपासून दूर, हवेशीर जागी ठेवावा आणि त्याची २३० व्होल्टची जोडणी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावी.