मदत हवी आहे: 'तुम्हाला आरओची गरज नाही' असं सांगून धंदा कसा टिकवायचा?

नमस्कार मंडळी,

नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ माझं वॉटर प्युरिफायर विक्री-दुरुस्तीचं लहान दुकान आहे. मी आणि कामाला दोन मुलं. सहा वर्षं झाली. दुरुस्तीच्या कामाबद्दल गिऱ्हाइकांची तक्रार नाही. घोडं अडतं ते नवीन मशीन विकताना.

गेल्या महिन्यात इंदिरानगरच्या एका घरी गेलो होतो. नवीन फ्लॅट, नवरा-बायको, लहान मुलगी. स्वयंपाकघराच्या नळाला महापालिकेचं पाणी. टीडीएस (म्हणजे लिटरभर पाण्यात विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये) मोजायचा मीटर लावला तर ११८. मी सांगितलं की तुम्हाला आरओ, म्हणजे पडद्यातून क्षार गाळून काढणारं मशीन, लागत नाही; किरणांनी जंतू मारणारं यूव्ही आणि बारीक गाळणीचं यूएफ असं साडेसात हजारांचं मशीन पुष्कळ झालं. 'विचार करून सांगतो' म्हणाले. चार दिवसांनी ताईंचा फोन आला. दुसऱ्या एका दुकानाचा माणूस घरी येऊन डेमो देऊन गेला होता आणि त्यांनी सतरा हजारांचा आरओ बसवून घेतला होता. शेवटी म्हणाल्या, "दादा, तुम्ही आम्हाला घाण पाणी प्यायला सांगत होतात." विक्री गेली त्याचं एवढं काही नाही, हे वाक्य मात्र अजून डोक्यातून जात नाही.

तो डेमो तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. दोन ग्लास, एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात आरओचं. दोन्हींत लोखंडी कांड्या सोडून विजेचं बटण दाबायचं. मिनिटभरात नळाचं पाणी तपकिरी-हिरवं होतं, वर गाळ तरंगतो, आरओचं तसंच नितळ राहतं. पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. पण तो गाळ पाण्यातला नसतो, कांडीचा असतो. नळाच्या पाण्यात क्षार आहेत म्हणून वीज वाहते आणि कांडीचं लोखंड विरघळून गंजासारखं वर येतं. आरओच्या पाण्यात क्षारच उरलेले नसतात, म्हणून वीज जवळजवळ वाहत नाही आणि कांडीला काही होत नाही.

हे मला माहीत आहे, कारण दुकान काढण्याआधी एका डीलरकडे नोकरीला असताना मी स्वतः हाच डेमो देत होतो. कॉलेज रोडला एक आजी एकट्या राहायच्या. त्यांचं पाणी शंभराच्या आसपास होतं. मी कांड्या दाखवल्या आणि पेन्शनमधून सोळा हजारांचं मशीन त्यांच्या गळ्यात घातलं. वर्षाने सर्व्हिसला गेलो तर आजी आरओने बाहेर फेकलेलं, वेस्टचं पाणी बादलीत साठवून फरशी पुसत होत्या. "एवढं पाणी वाया जातं रे बाळा, जीव तुटतो," म्हणाल्या. त्या महिन्याच्या शेवटी मी नोकरी सोडली.

आता नाशिकचं पाणी. शहराला मुख्यतः गंगापूर धरणाचं पाणी येतं, जोडीला मुकणे आणि दारणा. गोदावरी ब्रह्मगिरीवर उगम पावते आणि तिथून थोड्याच अंतरावर हे धरण आहे. घाटमाथ्याच्या पावसाचं पाणी, क्षार मिसळायला फारसा वाव नसलेलं. माझ्या वहीत सिडको, इंदिरानगर, गंगापूर रोडच्या नळांचे आकडे बहुतेक ९० ते १६० मध्ये आहेत. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, टीडीएसची स्वीकारार्ह मर्यादा ५०० आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालतं. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानेही ५०० च्या खाली टीडीएस असेल तिथे आरओवर बंदी आणा, असं पर्यावरण मंत्रालयाला सांगितलं होतं. घरगुती आरओ एक लिटर पाणी देताना साधारण तीन लिटर फेकतो. उन्हाळ्यात आमच्याच भागात टँकर येतात आणि इकडे चांगलं धरणाचं पाणी मोरीत जातं.

बोअरचं आणि टँकरचं पाणी वेगळं. तिथे ७००-८०० टीडीएस सापडतो, तिथे मी स्वतः आरओ सुचवतो.

माझी अडचण अशी की खरं सांगायला मला पाऊण तास लागतो आणि कांडीचा डेमो दोन मिनिटांत संपतो. घरी जाऊन पाणी तपासतो, समजावतो, त्याचे पैसे घेत नाही. माणूस माझ्याकडून माहिती घेतो आणि मशीन दुसरीकडून. वडील म्हणतात, बोलणाऱ्याचा कोंडा विकला जातो, न बोलणाऱ्याचे गहू तसेच राहतात. मला कोंडा विकायचा नाही, पण गहू कसे विकायचे तेही कळत नाही. तपासणीचे पैसे मागावेत का? कांडीच्या डेमोला लोकांना पटेल असं उत्तर काय द्यावं? शिवाय दोन सोसायट्यांच्या चेअरमननी 'प्रत्येक मशीनमागे आमचं बघा' असं सुचवलंय, त्यांना काय सांगू? आणि शेवटचं, दुकानात कामाला असलेल्या दोन मुलांना मी बदललेल्या पार्टवर कमिशन देतो. परवा त्यातल्या एकाने आरओचा चांगला मेंब्रेन (क्षार गाळणारा पडदा) 'गेलाय' सांगून बदलल्याचं लक्षात आलं. गिऱ्हाइकाला पैसे परत केले. पण त्याला रागावताना माझीच जीभ अडखळली, कारण ती सवय मीच लावली होती.

प्रतिसाद (नाशिक रोड)

दादा, मी शाळेत विज्ञान शिकवते. त्या डेमोचं उत्तर तुमच्या स्वयंपाकघरातच आहे. आरओच्याच पाण्याचा ग्लास घ्या, त्यात चिमूटभर मीठ टाका आणि त्याच कांड्या सोडा. दोन मिनिटांत तेही तपकिरी होईल. मग विचारा, आता मीठ घाण झालं का? आमच्या सातवीच्या मुलांनाही हे लगेच समजलं. मात्र एक सांगते, 'तो माणूस तुम्हाला फसवतोय' असं म्हणू नका. ज्याने सतरा हजार आधीच दिले आहेत त्याला हे ऐकायचं नसतं. नुसतं करून दाखवा आणि गप्प बसा.

प्रतिसाद (दिंडोरी तालुका)

रामराम. मी ग्रामपंचायतीत जलसुरक्षक आहे. तुमचा हेतू चांगला आहे, पण तुमच्या बोलण्यात एक खोट आहे. राग मानू नका. '५०० च्या खाली, म्हणजे आरओ नको' हे नळाच्या पाण्याला ठीक. बोअरला ते सरसकट लावू नका. आमच्याकडे द्राक्षबागा आहेत, खतं पडतात, ती झिरपून विहिरी-बोअरमध्ये जातात. टीडीएस ४०० आणि नायट्रेट मात्र मर्यादेच्या वर, असं होऊ शकतं. नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि त्यात सवलत नाही. मीटरला ते वेगळं दिसत नाही. मीटर फक्त पाण्यातून वीज किती वाहते ते मोजून क्षारांचा अंदाज देतो. यूव्हीने नायट्रेट जात नाही, पाणी उकळूनही जात नाही, उलट आटून प्रमाण वाढतं. आडगाव, मखमलाबाद, म्हसरूळच्या मळ्यांकडच्या बंगल्यांत बोअर असेल तर आधी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यायला सांगा, मग मशीनचं बोला.

दुसरं, जंतूही मीटरला दिसत नाहीत. आम्ही वापरतो त्या एचटूएसच्या बाटल्या ठेवा. पाणी भरून उबेला ठेवायचं, दूषित असेल तर एक-दोन दिवसांत काळं पडतं. आणि ओटी टेस्ट करा. थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला तर नळाच्या पाण्यात क्लोरीन आहे. रंगच आला नाही तर टाकी कधी धुतली ते विचारा. पुष्कळदा दोष धरणाचा नसतो, गच्चीवरच्या टाकीचा असतो.

धागाकर्ता

तुमच्या प्रतिसादावर दिवसभर विचार केला. खरं आहे. मखमलाबादला मी तीन ठिकाणी नुसत्या मीटरवर 'आरओ नको' सांगून आलो आहे. उद्याच फोन करतो. मी खोटं बोललो नव्हतो, पण अर्धवट माहितीवर ठासून बोललो. ऐकणाऱ्याच्या घरी परिणाम तोच होतो.

प्रतिसाद (सातपूर)

भाऊ, आमचं दुचाकीचं गॅरेज आहे, हिशेब आणि गिऱ्हाइकं मी बघते. आमच्या धंद्यातही 'पार्ट न बदलता बिल लावतात' हा संशय कायमचा. सासऱ्यांनी एक पद्धत घातली आहे, जुना पार्ट पिशवीत घालून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. नको असेल तर त्याने तिथेच टाकावा. तुम्हीही जुना स्पन (गाळ अडवणारी गाळणी), जुना मेंब्रेन हातात द्या आणि नवीन बसवताना त्यावर मार्करने तारीख लिहा. मेंब्रेन बदलायच्या आधी आत जाणाऱ्या पाण्याचा आणि बाहेर येणाऱ्या पाण्याचा आकडा गिऱ्हाइकालाच वाचायला लावा. तीनशेचं तीस होत असेल तर मेंब्रेन ठणठणीत आहे, हे कुणालाही कळतं.

तपासणीचे पैसे जरूर घ्या, पण घरी गेल्यावर मागू नका. फोनवरच सांगा की तपासणीचे दोनशे रुपये, लेखी अहवाल मिळेल, मशीन घेतलं तर त्यातून वजा. अहवाल म्हणजे फार काही नको. पाणी कुठलं, टीडीएस किती, क्लोरीन आहे का, काय लागेल, काय लागणार नाही, खाली तुमची सही. दुसरा विक्रेता आला तरी तो कागद घरात राहतो. आणि बिल द्याच. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये बिल न देणं अनुचित व्यापारी प्रथेत मोडतं, आणि महत्त्वाची माहिती मुद्दाम दडवणं ही सेवेतली त्रुटी धरली आहे.

चेअरमनला पैसे देऊ नका. ते पैसे शेवटी गिऱ्हाइकाच्या बिलात चढवावे लागतील. त्यांच्याकडे रविवारची सकाळ आणि पार्किंगची जागा मागा. सोसायटीचं पाणी फुकट तपासून देतो म्हणा. एकाने नकार दिला तर दुसरा देईल.

धागाकर्ता – तीन आठवड्यांनी

सगळ्यांचे आभार. काय झालं ते लिहितो.

मखमलाबादच्या तिघांपैकी दोघांनी बोअरचं पाणी प्रयोगशाळेत दिलं. एकाचा अहवाल आला, नायट्रेट ६२. त्यांच्या घरी जाऊन मी आधी चूक कबूल केली. त्यांनी आरओ माझ्याकडूनच घेतला. दुसऱ्यांच्या अहवालाची वाट पाहतोय. तिसरे म्हणाले की बघू.

दोन चेअरमनपैकी एकाने पार्किंग दिलं. रविवारी सकाळी टेबल मांडलं, चौदा जण बाटल्या घेऊन आले. मिठाचा प्रयोग केला. तो पाहायला वॉचमनपासून सगळे जमले. पण खरी गोष्ट वेगळीच निघाली. एकाच इमारतीत बाकी सगळ्यांचे आकडे १२० ते १३५ आणि तिसऱ्या मजल्यावरच्या एका काकूंची बाटली ६४०. पुन्हा आणायला सांगितली, पुन्हा तेच. वर जाऊन पाहिलं तर नूतनीकरणात प्लंबरने स्वयंपाकघराची लाइन बाथरूमच्या बोअरच्या लाइनला जोडून ठेवली होती. काकू दीड वर्ष दर चार-पाच महिन्यांनी मेंब्रेन बदलत होत्या आणि कुणीही कारण शोधलं नव्हतं. प्लंबरला बोलावून लाइन बदलून घेतली. आता त्यांना आरओचीही गरज उरली नाही. त्या दिवशी मशीन एकही विकलं गेलं नाही. मात्र पुढच्या आठवड्यात त्याच इमारतीतून पाच एएमसी (वार्षिक देखभालीचे करार) आणि दोन यूव्ही मशीनची मागणी आली, आणि काकूंनी त्यांच्या बहिणीचा अशोकामार्गचा पत्ता दिला.

दोनशे रुपये फोनवर सांगायला सुरुवात केली आहे. दहातले चार जण तिथेच फोन ठेवतात. उरलेले सहा मात्र मी बोलताना ऐकून घेतात, मधेच 'शेवटची किंमत सांगा' म्हणत नाहीत.

मुलांचं पार्टवरचं कमिशन या महिन्यापासून बंद केलंय. त्यांच्या घरचं गणित त्या पैशांवर चालतं, त्यामुळे पगार वाढवणं भाग आहे. कमिशन धरून दोघांना प्रत्येकी महिन्याला साधारण अठरा हजार पडायचे. मी सोळा पक्के आणि सहा महिने ज्या घरातून पुन्हा तक्रार आली नाही अशा प्रत्येक एएमसीमागे थोडी रक्कम, असा विचार करतोय. पण 'तक्रार आली नाही' हे मोजायचं कसं? मुलगा गिऱ्हाइकाला 'दुकानात फोन करू नका, मलाच करा' असं सांगू शकतो. तुमच्यापैकी कुणी सर्व्हिसच्या मुलांना कमिशनशिवाय पगार देत असेल तर तुमची पद्धत कृपया लिहा. एक तारखेच्या आत मला दोघांना आकडा सांगायचा आहे.