मदत हवी आहे: 'मिनी' कुत्र्यांना अधिकृत मान्यता असते की नाही? (तातडीचं)

नंदू_इंदूरकर (धागाकर्ता), सोमवार रात्री ९:१२
नमस्कार मंडळी. प्रश्न एका ओळीचा आहे. कुत्र्यांच्या मिनी जातींना अधिकृत मान्यता असते का? विकणारा म्हणतो पेपरसकट देतो. आमचे मेहुणे म्हणतात मिनी-बिनी काही नसतं, सगळी बनवाबनवी. गूगलवर दहा जण दहा गोष्टी सांगतायत. शनिवारपर्यंत टोकन द्यायचंय. हो की नाही तेवढंच सांगा. 'आधी विचार करा, कुत्रा ही जबाबदारी असते' हे ऐकून झालंय.

चिंटू_भिया, ९:२०
कशाचं मिनी, भिया?

नंदू_इंदूरकर, ९:२४
मिनी म्हणजे आकाराने छोटं. मान्यता असते तरी किंवा नसते तरी. यात जातीचा प्रश्न कुठे आला?

शो_रिंग, ९:४१
तिथेच तर आला. मिनिएचर श्नाउझर ही पूर्ण मान्यता असलेली स्वतंत्र जात आहे, अमेरिकन केनेल क्लबात (जातींची नोंद ठेवणारी तिथली संस्था) १९२६ पासून. मिनिएचर पिन्शर स्वतंत्र. मिनिएचर बुल टेरियरही स्वतंत्र, उंची साडेपस्तीस सेंटीमीटरच्या आत. पूडलची गोष्ट निराळी. एफसीआय, म्हणजे देशोदेशीच्या केनेल क्लबांची आंतरराष्ट्रीय संघटना, तिच्या हिशेबाने ती जात एकच, पण तिच्यात मापं चार: स्टँडर्ड, मीडियम, मिनिएचर आणि टॉय. आणि मिनी लॅब्रॅडॉर, मिनी गोल्डन, मिनी जर्मन शेफर्ड, मिनी पग यांना कोणताही क्लब मान्यता देत नाही. मिनी गोल्डन म्हणून जे विकतात ते बहुतेक वेळा पूडल किंवा कॉकरशी केलेलं क्रॉस असतं.
आता सांगा, तुमचं यातलं कोणतं? आणि पेपर म्हणजे केसीआयचेच (केनेल क्लब ऑफ इंडिया) ना? कारण मोबाइलवर बनवलेली रंगीत सर्टिफिकेटं पण लोक 'पेपर' म्हणूनच देतात.

पुण्याचा_काका, ९:५५
मिनिएचर पिन्शर म्हणजे डॉबरमनचीच छोटी आवृत्ती. माझ्या साडूकडे होता, त्यामुळे खात्रीने सांगतो.

शो_रिंग, १०:०२
नाही हो काका. डॉबरमन एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जर्मनीतल्या आपोल्डा गावी तयार झाला. मिनपिन त्याच्या आधीपासून आहे. रंग आणि कान बघून लोकांची गफलत होते.

पुण्याचा_काका, १०:०८
इतिहास तुम्ही ठेवा, कुत्रा मी बघितलाय.

देशी_मोती, १०:१५
मला एक कळत नाही, रस्त्यावर इतकी गोंडस पिल्लं थंडीत कुडकुडत असताना माणसं हजारो रुपये मोजून परदेशी खेळणी का आणतात? आमचा मोती सुदामा नगरच्या नाल्यापाशी सापडला. मध्यम उंची, पोळी-दही खातो, इंदूरचा मे महिना आरामात काढतो. त्याला कोणाच्या मान्यतेची गरज पडली नाही.

शो_रिंग, १०:२१
धागा वाचा. प्रश्न दत्तक घेण्याचा नाही.

देशी_मोती, १०:२३
प्रश्न चुकीचा असेल तर उत्तर बरोबर कसं येणार? तुमच्यासारख्यांमुळेच हा सगळा धंदा चालतो.

शो_रिंग, १०:३०
मी ब्रीडर नाही. दोन श्नाउझर आहेत, केसीआयच्या शोमध्ये नेतो, एवढंच. आणि देशीचाच कळवळा असेल तर मुधोळ, राजपालायम, चिप्पिपाराईबद्दल बोला. २०२० साली सरकारच्या पशू-आनुवंशिकी संस्थेने त्यांची रीतसर नोंद केली. ती पण मान्यताच.

पुण्याचा_काका, १०:४४
मुधोळवरून आठवलं. मुधोळच्या घोरपड्यांनी थेट विलायतेच्या बादशहाला कुत्र्यांची जोडी भेट दिली होती. मराठी माणसाने हे विसरू नये. शिवाय आंध्रातली पुंगनूर गाय बघा, केवढीशी असते, आणि मान्यताप्राप्त जात! म्हणजे मिनीला मान्यता मिळते. धागाकर्त्याचं उत्तर 'हो'.

नंदू_इंदूरकर, १०:५१
मी गाय घेत नाहीये.
दोन ठिकाणी बोलणं चालू आहे. एक मिनी डॅशहंड, दुसरं टीकप पॉम, म्हणजे कपात मावेल एवढा पॉमेरेनियन. टीकपवाला जवळपास दुप्पट पैसे मागतोय, म्हणतो रेअर आहे. फोटो आलेत, पिल्लू पेल्यात बसलंय. आता तरी हो की नाही सांगा.

रामबागवाली, ११:०५
पिल्लाला सुरुवातीला गाईचं दूध अजिबात देऊ नका, जुलाब लागतात. आमच्याकडे भाताची पेज आणि उकडलेलं अंडं द्यायचो. पोहे कधीच नाहीत, त्यात कांदा असतो, कांदा कुत्र्यांना विषासारखा. आमच्या सासूबाई ऐकायच्या नाहीत, रविवारी गुपचूप घालायच्या.

महूचा_डॉक्टर, मंगळवार सकाळी ७:१०
रामबागवाली ताई, कांद्याचं अगदी बरोबर. लसणाचंही तेच.
नंदूभाऊ, मी महूच्या व्हेटरनरी कॉलेजात शिकलो, आता इंदूरलाच प्रॅक्टिस करतो. तुमच्या दोन पिल्लांची उत्तरं दोन वेगळी आहेत.
मिनिएचर डॅशहंड: हो. एफसीआय डॅशहंडची तीन मापं मानते, स्टँडर्ड, मिनिएचर आणि रॅबिट. गंमत म्हणजे तिथे उंची नाही, छातीचा घेर मोजतात, तोही कुत्रा पंधरा महिन्यांचा झाल्यावर. मिनिएचर नराचा घेर ३२ ते ३७ सेंटीमीटर. अमेरिकेत वजन बघतात, बारा महिन्यांच्या वयाला ११ पौंड किंवा कमी, म्हणजे साधारण पाच किलो. ब्रिटनचा केनेल क्लब आणखी वेगळा, तो मिनिएचरला स्वतंत्र जात धरतो आणि केसांप्रमाणे तिचेही तीन भाग करतो. आपला केसीआय चेन्नईहून चालतो आणि एफसीआयच्या मानकांप्रमाणे जातो. म्हणजे पाच-सहा आठवड्यांचं पिल्लू हातात घेऊन 'हा मिनीच राहणार' असं कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. आईबाप बघायला मागा.
टीकप पॉम: नाही. पॉमेरेनियन हेच मुळात जर्मन स्पिट्झचं सगळ्यात लहान माप आहे, अमेरिकन मानकात ३ ते ७ पौंड, म्हणजे दीड ते सव्वातीन किलोच्या आसपास. त्याच्या खाली कोणत्याही क्लबात दुसरं माप नाही. केसीआयचे खरे पेपर आले तर त्यावर 'पॉमेरेनियन' असेल, 'टीकप' हा शब्द नसेल.
आता मला सांगा, पिल्लांचं वय काय, घर कितव्या मजल्यावर, लिफ्ट आहे का, घरात लहान मुलं आहेत का?

नंदू_इंदूरकर, ७:४०
धन्यवाद डॉक्टर. हे कालच मिळालं असतं तर बरं झालं असतं.
तिसरा मजला, लिफ्ट नाही. मुलगी सहा वर्षांची. टीकपवालं पिल्लू पस्तीस दिवसांचं आहे, बसने पाठवणार. पण हे मी विचारलं नव्हतं.

महूचा_डॉक्टर, ८:०५
विचारलं नव्हतं, पण आधी हेच सांगायला हवं होतं.
पस्तीस दिवसांचं पिल्लू विकणं बेकायदेशीर आहे. २०१७ च्या केंद्राच्या श्वान प्रजनन नियमांत आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, आणि विकणाऱ्याची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक मागा, मग काय उत्तर येतं ते बघा.
टीकप कसं 'बनतं' तेही ऐका. दर खेपेची सगळ्यात अशक्त पिल्लं निवडून त्यांचीच जोडी लावत जायची, किंवा साध्या पिल्लाला अर्धपोटी ठेवायचं, किंवा कमी वयाचं पिल्लू मोठ्या वयाचं सांगून पुढे करायचं. पेल्यातला फोटो बऱ्याचदा तिसऱ्या प्रकारातला. अशा पिल्लांची रक्तातली साखर एका वेळचं खाणं चुकलं तरी खाली येते, पिल्लू थरथरतं, मान टाकतं. टाळू भरत नाही, गुडघ्याची वाटी सरकते, दात दाटीने येतात. सहा वर्षांच्या मुलीच्या मांडीवरून खाली पडलं तरी पाय मोडतो. माझ्याकडे येतात ना अशी.
डॅशहंडला मान्यता आहे, पण तिसरा मजला आणि जिना? त्याचे आखूड पाय ज्या आनुवंशिक कारणाने होतात त्याच कारणाने पाठीच्या मणक्यांमधल्या चकत्याही लवकर कडक होतात. रोज चढउतार, सोफ्यावरून उड्या, आणि एक दिवस मागचे पाय लुळे. उचलून न्यायची तयारी असेल तरच घ्या.

शो_रिंग, ८:३०
डॉक्टरांशी बरंचसं सहमत. पण डॅशहंडबद्दल लोकांना इतकं घाबरवू नका. वजन आटोक्यात ठेवलं आणि लाइन, म्हणजे वंश, चांगली असली तर बारा-चौदा वर्षं मजेत जगतात. आणि श्नाउझर घ्या म्हणतो मी. उंची ३० ते ३५ सेंटीमीटर, केस फार गळत नाहीत, मुलांत छान रमतो.

महूचा_डॉक्टर, ८:३८
केस गळत नाहीत म्हणून दर महिन्या-दीड महिन्याला कापावे लागतात, ते पण सांगा. आणि रक्तातली चरबी वाढून स्वादुपिंडाला सूज येणं हा श्नाउझरचा नेहमीचा आजार. सराफ्यातल्या खाऊगल्लीतून आणलेला तळलेला गराडू चाटवला की संपलं.

शो_रिंग, ८:४१
माझे दोघे कधी आजारी पडलेले नाहीत.

देशी_मोती, ८:५०
मोतीचे केस आपोआप गळतात आणि आपोआप येतात. नोंद घ्यावी.

चिंटू_भिया, ९:१५
नंदूभाऊ, एक विचारू? घरी ठेवायला कुत्रा हवाय, शोमध्ये न्यायचा नाही, मग 'अधिकृत मान्यता' कशाला लागतेय तुम्हाला? मला पहिल्यापासून हेच कळेना.

नंदू_इंदूरकर, ९:३३
कारण आमच्या रहवासी संघाचे सेक्रेटरी. त्यांनी नियम काढलाय की बिल्डिंगमध्ये फक्त 'मान्यताप्राप्त छोट्या जातीचा' कुत्रा चालेल, सर्टिफिकेटची कॉपी ऑफिसात जमा करायची. मला कुत्र्याच्या आकाराचं काही नाही. बायकोला तर आधी लॅब्रॅडॉर हवा होता.

चिंटू_भिया, ९:३५
अरे भिया! हे पहिल्या ओळीत लिहायचं ना!

वडोदरेकर_मीना, १०:१२
हा नियमच टिकणारा नाही. आमच्याकडे वडोदऱ्यात अलकापुरीतल्या एका सोसायटीने असंच केलं होतं. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना आहेत. सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, बहुमताने ठराव केला तरी नाही, आणि आकार किंवा जात बघून भेदभावही करता येत नाही. त्या छापून पत्रासोबत द्या. हो, पण जिन्यात घाण केली तर उचलायची, लसीकरण वेळेवर करायचं, रात्रभर भुंकू द्यायचं नाही, ही तुमची बाजूही सांभाळा. नाहीतर शेजारी दुसरं काहीतरी शोधून काढतात.

पुण्याचा_काका, १०:३०
सेक्रेटरीशी वाद घालू नये असं माझं मत. पाणी बंद करतात.

वडोदरेकर_मीना, १०:३४
काका, कुत्र्यामुळे पाणी बंद केलं तर तीच तक्रार करता येते.

महूचा_डॉक्टर, ११:०२
मीनाताईंनी मूळ गाठ सोडवली. सर्टिफिकेटबद्दल एक राहिलं. केसीआयचा पेपर म्हणजे वंशावळ: आईबाप, तीन पिढ्या, जन्मतारीख, रंग, मायक्रोचिपचा नंबर. चिप स्कॅनरने तपासा, नंबर जुळला पाहिजे. कुत्रा निरोगी आहे असं हा पेपर कुठेच म्हणत नाही. आणि नगर निगमची नोंदणी हे तिसरंच प्रकरण, तिथे रेबीजची लस झाली का ते बघतात, मिनी-बिनी नाही. सेक्रेटरींना बहुधा या तिन्हींची सरमिसळ झालीय.

रामबागवाली, ११:२०
टाळू भरली नसेल तर तेल घालायचं का, डॉक्टर? आमच्या नातवाला घालतो.

महूचा_डॉक्टर, ११:२४
नाही ताई. पिल्लाला नाही.

नंदू_इंदूरकर, गुरुवार रात्री १०:०५
अपडेट. टीकपवाल्याला आईचा व्हिडिओ आणि नोंदणी क्रमांक मागितला. आधी म्हणाला ऑफिसात आहे, मग म्हणाला लॅपटॉप खराब आहे, आता माझा नंबर ब्लॉक केलाय. टोकन दिलं नव्हतं.
डॅशहंडवाल्यांनी आईबाप दोन्ही दाखवले, पेपर दाखवले, चिप जुळली. माणसं चांगली वाटली. पण तीन मजले रोज उचलून कोण नेणार यावर घरात एकमत होत नाहीये. मी ऑफिसला, बायको शाळेत, आईचे गुडघे दुखतात.
सेक्रेटरींना मीनाताईंच्या सांगण्याप्रमाणे पत्र आणि सूचनांची प्रत दिली. त्यांनी चष्मा लावून वाचली आणि 'मीटिंगमध्ये बघू' म्हणाले. मीटिंग पुढच्या महिन्यात. बायकोने परत लॅब्रॅडॉरचं काढलंय.

देशी_मोती, १०:११
सुदामा नगरच्या नाल्यापाशी सध्या चार पिल्लं आहेत. पायही नीट लांब आहेत. फोटो पाठवू का?

शो_रिंग, १०:१४
लॅब तिसऱ्या मजल्यावर? उन्हाळ्यात? कूलर लावाल तर ठीक. आणि मोठा झाला की त्याचेही सांधे आहेतच.

नंदू_इंदूरकर, १०:२०
@देशी_मोती, पाठवा. बघायला काय जातंय.

गोराकुंड_२, शुक्रवार दुपारी १:४५
छान चर्चा. अवांतर विचारतो, इंदुरात पूडलचे केस नीट कापणारं कोणी आहे का? मागच्या वेळी एकाने पार टक्कल करून पाठवला.

चिंटू_भिया, १:५०
मिनी पूडल का टॉय?

गोराकुंड_२, १:५२
त्याने काय फरक पडतो?